अनुसयाबाईच्या स्लॅबवरचा पाट

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, कोणीतरी जेवायला बसायचा पाट धुऊन वर वाळत ठेवला आणि विसरून गेलं. मी दिसतोच तसा. चौकोनी, पांढरा, खाली एक पाय आणि पाठीतून निघणारी एक वायर. पण मी पाट नाही. मी उपग्रहाकडून इंटरनेट घेणारा अँटेना आहे. आता जरा जुना झालो आहे. रंग पिवळट पडला आहे आणि एका कोपऱ्याला कुंकवाचा डाग आहे, तो काही केल्या जात नाही.

माझा जन्म फार लांब, एका थंड मुलखातल्या कारखान्यात झाला. तिथल्या इंजिनीअरांना एकच काळजी होती, ती म्हणजे बर्फाची. अंगावर बर्फ साचला तर तो वितळावा म्हणून त्यांनी माझ्या पोटात ऊब धरण्याची सोय केली. मला बर्फाच्या खोलीत ठेवलं, वर बर्फ टाकला, मी तो वितळवला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उन्हाळ्याबद्दल फारसं कोणी बोललं नाही. एकाने एकदा विचारलं की हा फार तापला तर काय करायचं. दुसरा म्हणाला, मग तो आपोआप बंद होईल. एवढं बोलून दोघेही कॉफी प्यायला गेले.

आणि मित्रांनो, मला तिथून थेट नागपूरला पाठवलं.

काही महिने मी सीताबर्डीच्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत खोक्यात पडून होतो. वरून मेट्रो गेली की खोकं थरथरायचं, तेवढाच माझा प्रवास. मग एका कंपनीने समाजसेवा म्हणून, जिथे मोबाइलची रेंज नाही अशा गावांना माझ्यासारखे अँटेने द्यायचं ठरवलं. पुष्कर नावाचा एक तरुण इंजिनीअर मला जीपमध्ये घालून आमगोंदीला घेऊन निघाला.

आमगोंदी हे पारशिवनीच्या पुढे, जंगलाच्या कडेला, चहूबाजूंनी टेकड्यांनी वेढलेलं छोटं गाव. कढईच्या तळाशी एखादा दाणा पडावा तसं ते पडलेलं आहे. मोबाइलच्या लहरी टेकड्यांवरूनच परत जायच्या. कोणाला फोन करायचा तर लोक पाण्याच्या टाकीवर चढत. टाकीवर एका वेळी दोनच माणसं उभी राहू शकत, त्यामुळे खाली रांग लागे आणि वरच्याचं बोलणं सगळ्या गावाला ऐकू येई. त्या गावात कोणाचंही गुपित राहत नसे.

मला बसवायचं कुठे, यावरून पहिल्याच दिवशी वाद झाला. सरपंच चंपतराव हे मोठे हौशी गृहस्थ. गावात आलेली प्रत्येक नवी वस्तू प्रथम आपल्या घरी यावी असं त्यांना मनापासून वाटे. पुष्करने त्यांच्या छतावर मोबाइल फिरवून आकाश तपासलं आणि सांगितलं की मागचं चिंचेचं झाड आडवं येतं. चंपतरावांच्या आजोबांनी लावलेलं झाड, ते तोडण्याचा प्रश्नच नव्हता. थोडा विचार करून त्यांनी सुचवलं की मग याला घरातच ठेवू, टीव्हीशेजारी काचेच्या कपाटात, म्हणजे धूळही बसणार नाही. पुष्करने त्यांना समजावलं की याला मोकळं आकाश लागतं. उपग्रह एका जागी उभे नसतात. एक टेकडीआड उतरतो तोवर दुसरा वर येतो, आणि मला एकाचा हात सोडून दुसऱ्याचा धरावा लागतो. चंपतरावांनी मान डोलावली. मग कपाटाची काच काढून टाकली तर चालेल का, असं त्यांनी विचारलं.

सगळं आकाश मोकळं दिसेल असं गावात एकच छत निघालं, शालिकरामचं. शालिकराम मूळचा उमरेडचा विणकर. हातमाग बंद पडल्यावर तो बायकोच्या माहेरी, आमगोंदीला आला आणि चार-सहा संत्र्याची झाडं सांभाळू लागला. त्याची बायको अनुसयाबाई. छत म्हणायला शालिकरामचं होतं, पण हुकूम तिचा चाले. उन्हाळ्यात गावातल्या निम्म्या बायका तिच्या स्लॅबवर कुरड्या आणि पापड वाळत घालायच्या. अनुसयाबाईने मला एकदा पाहिलं आणि पुष्करला म्हणाली, “हा पाट इथं ठेव, पण माझी एक कुरडी हालवाची नाही.”

अशा रीतीने मी कुरड्यांच्या मधोमध उभा राहिलो. चंपतरावांनी उद्घाटन केलं. माझ्यासमोर नारळ फोडला, पाणी माझ्या अंगावर शिंपडलं आणि कपाळावर तेलकुंकवाचं स्वस्तिक काढलं. पुष्कर घाबरून पुसायला धावला, पण तोवर जमलेल्या लोकांनी हात जोडले होते. मग तोही बिचारा हात जोडून उभा राहिला.

खाली घरात एक छोटी पेटी लागली आणि तिच्यामधून गावाला नेट मिळू लागलं. मित्रांनो, घरात काय चाललंय हे मला दिसत नाही, ते मागाहून ओट्यावरच्या गप्पांतून कळतं, पण जे बोलणं दूर जातं ते माझ्याच अंगातून जातं. मी मुद्दाम ऐकत नाही, पण कानावर पडतं. गावातले लोक शालिकरामच्या ओट्यावर बसत. कोणी कळमन्याच्या बाजारातला संत्र्याचा भाव पाही, कोणी नुसताच दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये डोकावे. शालिकराम दूरदेशीच्या विणकरांचे व्हिडिओ पाही आणि त्यांच्यावर रागवे. सूत ढिलं धरलं आहे, असं तो त्यांना कळवळून सांगे. ते लोक त्याचं ऐकत नसत.

हिवाळ्यात माझी ती पोटातली ऊब कामाला आली. अनुसयाबाईच्या मांजरीला तिचा शोध लागला. थंडी पडली की ती माझ्यावर येऊन अंगाची वळकटी करून झोपे, आणि तिकडे उपग्रह मला दिसेनासे होत. नेट गेलं की ओट्यावरून कोणीतरी ओरडे, “अनुसयाबाई, मांजर हाकला जी.” ती पोळ्या लाटता लाटता उठे, लाटणं घेऊन वर येई, आणि मांजरीऐवजी माझ्याकडेच रागाने बघे.

तिचा माझ्यावर राग होता, आणि तो कुरड्यांच्या जागेपुरता नव्हता. तिला एकच मुलगी, दामिनी. नागपूरला राहून ती नर्सिंग शिकली आणि शिक्षण संपवून घरी आली होती. अनुसयाबाईला वाटत होतं की आता पोरगी इथेच जवळपास कुठेतरी लागेल, संध्याकाळी घरी जेवायला असेल. पण दामिनी ओट्यावर बसून माझ्यामधून दूरदूरच्या जागांना अर्ज करत होती. एकदा अनुसयाबाई पापड उलटवायला वर आली आणि माझ्याजवळ थांबून, कोणी नाही असं पाहून मला म्हणाली, “सगळ्याइले तू घरात आणून राहिला, अन् माझ्या पोरीले बाहेर नेऊन राहिला.” एवढं बोलून तिने उरलेले पापड उलटवले.

मे महिना आला. नवतपा लागला, म्हणजे नागपूरकडचे वर्षातले सगळ्यात तापलेले दिवस. पारा सत्तेचाळीसला टेकला. रस्त्यावर कुत्रंही दिसेना. अशात दामिनीला एका संस्थेचं बोलावणं आलं. ही संस्था डोंगरातल्या आडगावांमध्ये दवाखाने चालवायची, आणि तिचे डॉक्टर निरनिराळ्या शहरांत बसत, म्हणून मुलाखत व्हिडिओवर होणार होती. वेळ भर दुपारची.

दामिनीने खोलीचं दार लावलं, केस विंचरले, मोबाइल डब्याला टेकवून ठेवला. शालिकराम ओट्यावर येरझारा घालू लागला. अनुसयाबाई चुलीपाशी बसून राहिली. तिने पोरीला बरं म्हटलं नाही आणि वाईटही म्हटलं नाही.

मुलाखत सुरू झाली. मी जीव तोडून काम करत होतो, पण खालून स्लॅब तापला होता, वरून ऊन कोसळत होतं, आणि माझ्या पोटातली यंत्रं आतून तापत होती. दामिनीचा आवाज तुटू लागला. पलीकडच्या डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, “तुमचं नीट ऐकू येत नाहीये. आम्ही पुढच्या उमेदवारांचं आटोपतो आणि शेवटी तुम्हाला परत घेतो. तेव्हाही जमलं नाही तर मात्र आमचा नाइलाज आहे.” हे शेवटचं वाक्य मी कसंबसं खाली पोहोचवलं आणि मित्रांनो, मी बंद पडलो. त्या इंजिनीअरांनी सांगितलं होतं तसा, आपोआप.

दामिनी रडत बाहेर आली. शालिकराम बादली घेऊन धावत वर आला आणि त्याने ती माझ्यावर पालथी केली. मला बरं वाटलं, पण क्षणभरच. तोवर बातमी गावभर झाली होती. चंपतराव दुपारच्या झोपेतून उठून बनियनवरच निघाले. त्यांच्या घरचा कूलर हा आमगोंदीतला सगळ्यात मोठा कूलर, लोखंडी, कपाटाएवढा. तो चार जणांनी उचलून जिन्याने वर आणला. जिन्यात तो अडकला तेव्हा चंपतराव खालच्या बाजूला होते, आणि टाकीतलं सगळं पाणी त्यांच्या डोक्यावर सांडलं. त्यांनी हूं की चूं केलं नाही. उलट जरा खूश दिसले.

कूलर सुरू झाला. खसच्या वासाचा गार वारा माझ्या पाठीला लागला आणि मी हळूहळू डोळे उघडले. पण डोक्यावरचं ऊन तसंच होतं. कोणाला तरी वाटलं की यालाही ओलं काहीतरी पांघरावं. स्लॅबच्या कोपऱ्यात अनुसयाबाईची जाड सतरंजी पडली होती, जिच्यावर ती वाळवण घालायची. ती पाण्यात बुडवली आणि माझ्यावर टाकली.

मित्रांनो, ओलं जाड कापड म्हणजे माझ्या डोळ्यांवरची पट्टी. मी गार झालो होतो, जागा होतो, आणि मला एकही उपग्रह दिसत नव्हता. खाली दामिनी मोबाइल हलवत होती. वर सगळे एकमेकांना सांगत होते की आता लागेल, आता लागेल.

तेवढ्यात अनुसयाबाई वर आली. ती आली ते सतरंजीसाठी. कूलरच्या धडधडाटात तिला कोणीतरी सांगितलं होतं की तुझी नवी सतरंजी भिजवली. ती तरातरा आली आणि म्हणाली, “माझी सतरंजी काहून घेतली गा?” आणि तिने ती एका हिसक्यात माझ्यावरून ओढून घेतली.

त्याच क्षणी मला आकाश दिसलं. खालून दामिनीचा आवाज आला, “बाबा, लागलं नेट.” लगेच मागोमाग डॉक्टरबाईंचा आवाज माझ्यामधून खाली गेला, तिचं नाव घेत.

अनुसयाबाई ओली सतरंजी हातात धरून उभी राहिली. बाकीच्यांना अजून कळलं नव्हतं, पण तिला कळलं होतं. ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती, म्हणून तिचा चेहरा मला नीट दिसला. सतरंजी परत माझ्यावर टाकायची, एवढंच. कोणी तिला बोल लावला नसता. चूक झाली म्हटलं असतं. पोरगी संध्याकाळी घरी जेवायला असती, या वर्षी आणि पुढच्याही वर्षी. खालून दामिनी आपलं नाव, आपलं गाव सांगत होती.

अनुसयाबाईने सतरंजी खाली टाकून दिली. मग दोरीवर वाळत असलेलं आपलं जुनं सुती लुगडं ओढलं. ते शालिकरामनेच केव्हातरी विणलेलं होतं, धुऊन धुऊन जाळीसारखं विरळ झालेलं, आणि उन्हात कडकडीत वाळलेलं. तिने एक टोक नवऱ्याच्या हातात दिलं. “असं वर धरा जी,” ती म्हणाली. “त्याच्या आंगाले लागू देऊ नका.” दुसरं टोक तिने चंपतरावांच्या हातात दिलं, तिसरं त्यांच्या बायकोच्या, जिजाबाईंच्या, आणि चौथं स्वतः धरलं. मांडवासारखी सावली माझ्यावर पडली. कोरड्या सुती कापडातून माझ्या लहरी सहज जातात. हे तिला ठाऊक नव्हतं. तिने आपलं उन्हात निजवलेल्या लेकराला धरावी तशी सावली धरली होती.

मुलाखत चालू राहिली. पण मित्रांनो, स्लॅब तव्यासारखा तापला होता आणि चौघेही अनवाणी होते. कापडाचं टोक सोडता येत नव्हतं. त्यामुळे तिघेजण लुगडं ताणून, एक पाय वर, एक पाय खाली, असे माझ्याभोवती नाचत होते. शालिकराम आणि जिजाबाई गप्प नाचत होते. अनुसयाबाई एका जागी उभी होती, ओल्या सतरंजीवर. सतरंजी तिने अगदी आपल्या पायाखाली टाकली होती, हे चंपतरावांच्या उशिरा लक्षात आलं.

खाली मोबाइलवरून एक म्हातारे डॉक्टर दामिनीला विचारत होते की आमच्या गावात वीज जाते, रस्ता वाहून जातो, मदत वेळेवर येत नाही. अशा ठिकाणी एकटी काय करशील? दामिनी उत्तर जुळवत होती, इतक्यात वरून चंपतरावांचा आवाज खणखणीत उतरला आणि माझ्याच अंगातून थेट त्या डॉक्टरांच्या कानात गेला.

“दामिनी, लवकर आटप बाई. पाय भाजून राहिले माये.”

डॉक्टरबाईंनी विचारलं, हे कोण? दामिनीने आधी ओढणीने तोंड पुसलं आणि मग खरं ते सगळं सांगितलं. वर अँटेना तापला आहे, सरपंचांनी कूलर आणला आहे, आणि चार माणसं लुगडं धरून उभी आहेत. ती जरा थांबली आणि म्हणाली, “सर, तुम्ही विचारलं एकटी काय करशील. मी एकटी नाही राहत कधी. जिथं जाईन तिथं चार माणसं जमवीन.”

म्हातारे डॉक्टर हसू लागले ते थांबेचनात. मग त्यांनी सांगितलं की त्या सरपंचांना आधी सावलीत जायला सांगा, बाकीचं आम्ही कळवतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी कळवलं. दामिनीची निवड झाली होती.

चंपतराव पुढे काही दिवस पायाला लोणी लावून ओट्यावर बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तळवे दाखवत राहिले.

दामिनी गेली. जायच्या दिवशी अनुसयाबाईने तिला लोणच्याच्या इतक्या बरण्या दिल्या की एस.टी.त तिला पाय ठेवायला जागा उरली नाही. गाडी गेल्यावर ती वर आली. माझ्यावरची धूळ पदराने पुसली. तेव्हापासून ती रोज पुसू लागली. मांजरीसाठी तिने शेजारी एक पोतं टाकलं. दवाखाना आटपून दामिनी डोंगर उतरून रेंजमध्ये येई, रात्रीच्या जेवणाआधी तिचा फोन लागे, आणि मायलेकी बोलत त्या वेळी अख्ख्या ओट्याला मोबाइल बंद ठेवावा लागे. असा तिचाच हुकूम होता.

मग टेकडीवर मोबाइलचा टॉवर आला. लोकांनी पेढे वाटले. बघता बघता ओटा रिकामा झाला, ज्याचा त्याचा मोबाइल ज्याच्या त्याच्या घरात वाजू लागला. माझी वायर कोणीतरी काढून ठेवली. कावळे माझ्यावर बसू लागले. एखाद्या उपग्रहाला माझी आठवण येते का, असं वाटायचं, पण त्यांना काय, खाली माझ्यासारखे पुष्कळ. अनुसयाबाई तेवढी पुसायला येत राहिली. बंद पडलेल्या वस्तूला रोज कशाला पुसते, असं शालिकरामने विचारलं, तेव्हा तिने पदराचं दुसरं टोक घेऊन मला पुन्हा एकदा पुसलं.

दामिनीच्या दवाखान्याची गत मात्र जुन्या आमगोंदीसारखीच होती. डोंगर उंच, टॉवर दूर, आणि एखाद्या बाईची अवघड वेळ आली की मोठ्या डॉक्टरांना विचारायची सोय नाही. संस्थेने अँटेना मागितला होता, पण नंबर लागायला वेळ होता. हे कळल्यावर चंपतरावांनी कंपनीची परवानगी मिळवली, सभा घेतली, मी गावाला काय काय दिलं यावर लांबलचक भाषण केलं आणि मला देऊन टाकलं.

मला पोहोचवायला अनुसयाबाई निघाली. तिने मला चादरीत गुंडाळून मांडीवर घेतलं. कंडक्टर म्हणाला, सामान वर ठेवा, नाहीतर तिकीट काढा. ती म्हणाली, “काढा तिकीट. मी याले वर ठेवत नाही.” कंडक्टरने चादरीत डोकावून पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढे सरकला.

आता मी या डोंगरातल्या दवाखान्याच्या टिनाच्या छपरावर उभा आहे. परवा एका बाईचं बाळंतपण अडलं होतं, तेव्हा दामिनीने माझ्यामधून शहरातल्या डॉक्टरांना विचारत विचारत ते पार पाडलं. बाळ आणि आई दोघेही ठणठणीत आहेत. अनुसयाबाई मला बसवून दोन दिवसांत परत जाणार होती. तिला इथे येऊन आता बराच काळ झाला. ती दवाखान्यात आलेल्यांना चहा देते, बाळंतिणींना धाक दाखवते, आणि परत जायचा विषय निघाला की तिला काहीतरी काम आठवतं.

आमगोंदीहून शालिकराम रोज फोन करी. मोबाइल असा धरी की पडद्यावर नुसतं त्याचं कपाळ दिसे. मीठ कुठे, हळद कुठे, असं विचारून विचारून त्याचा स्वयंपाक चाले. एके दिवशी त्याने भाजीची कढईच मोबाइलसमोर धरली आणि म्हणाला, “सांग वं, बरोबर झाली का?”

अनुसयाबाई म्हणाली, “इथून चव कशी कळन जी मले?”

शालिकरामने कढई खाली ठेवली. पुढच्या आठवड्यात तो पिशवी घेऊन दवाखान्याच्या दारात उभा होता.

मित्रांनो, तुमच्या गावात, तुमच्या छतावर माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला उन्हात सावली द्या, त्याची वायर तुटू देऊ नका, आणि त्याचं काम संपलं असं वाटलं तर त्याला फेकू नका. कुठेतरी एखादा दवाखाना, एखादी शाळा त्याची वाट पाहत असते. आमच्याकडून जेवढं होईल तेवढं आम्ही आकाशातून आणून देऊ. आवाज आणू, चेहरा आणू, डॉक्टरांचा सल्ला आणू. माणूस मात्र आम्हाला आणता येत नाही. त्याला एस.टी.नेच यावं लागतं.